मेल्यावर पंख हलवायचे असतात

सान होआकीन, इलोइलो
१८ जानेवारी १९८३

प्रिय नोंग सेतो,

नाताळात तू येशील म्हणून तातायने डुक्कर राखून ठेवलं होतं. "कॅप्टन आला की कापू," असं रोज म्हणायचा. शेवटी तीन राजांच्या सणाला कापलं, आणि तुझ्या वाटचं शेजारच्या नांग बेबांगने खाल्लं. आता आलास तर कोंबडीवर भागवावं लागेल.

मला शाळेत लागून सात महिने झाले. तातायने माझा पदवीचा फोटो तुझ्या वैमानिकाच्या फोटोशेजारी टांगलाय. त्यात माझा झगा इतका मोठा आहे की मी कपाटात उभी असल्यासारखी दिसते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बापाच्या तोऱ्यात सांगतो, "आमच्या घरातली पहिली पदवी." मग तुझ्याकडे बोट दाखवतो, "आणि हा दोन वर्षांत कॉलेज सोडून आभाळात पळाला." दोन्ही वाक्यांत अभिमान सारखाच असतो.

गेल्या आठवड्यात मी वर्गात तुझ्याबद्दल सांगितलं. मुलांनी विचारलं, "मॅडम, तुमचा भाऊ कोणाशी लढतो?" मी म्हटलं, तो लढत नाही, तो सरावात शत्रू होतो, म्हणजे आपल्या नव्या वैमानिकांना लढता येईल. मग लोर्देस नावाची एक मुलगी आहे, तिने हात वर केला. "म्हणजे तुमचा भाऊ व्हिलन आहे?"

मी म्हटलं, भावालाच विचारते. नांग बेबांग तर बाजारात म्हणते, "सरकारने इतकं शिकवलं आणि हरायची नोकरी दिली होय?" मला खरंच समजून घ्यायचंय, नोंग. देशासाठी माणूस मरायला तयार असतो हे कळतं. देशासाठी शत्रू व्हायला तयार होणं म्हणजे काय?

सविस्तर लिही. 'मी बरा आहे, तुम्ही बरे असाल' एवढंच लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी,
देल्फिना


हवाई तळावरून, लुझोन
६ फेब्रुवारी १९८३

प्रिय इंदाय,

मी बरा आहे, तुम्ही बरे असाल. आता पुढचं लिहितो, परत पाठवू नकोस. मॅडम झालीस तरी माझी धाकटी इंदायच आहेस.

लोर्देसला सांग, हो, व्हिलनच. शाळेच्या नाटकात कोणीतरी राक्षस व्हावं लागतं, आणि ते काम नेहमी उंच मुलाला देतात. आमच्याकडे ते जुन्या विमानांना आणि जुन्या माणसांना देतात. आमची विमानं लहान आहेत, शत्रूची असतात तशी. शत्रू कसा वळतो, कुठे लपतो, केव्हा पळतो, हे आम्ही पाठ करतो आणि आभाळात तसंच वागतो. नव्या पोरांनी आम्हाला मारायचं. परदेशी पाहुणे येतात, तेही आम्हालाच मारतात.

गोळ्या नसतात. कॅमेरा असतो. ज्याने मला नेमात नीट धरलं तो रेडिओवर ओरडतो, "मारलं!" की मी मेलो. मेलेल्याने दोनदा पंख हलवायचे, डावीकडे, उजवीकडे, आणि सरळ निघून जायचं. वाद घालायचा नाही. वाद जमिनीवर, फळ्यासमोर. आणि पाच हजार फुटांवर आम्ही एक खोटी जमीन धरतो. तिच्याखाली जो गेला तो आपोआप मेला. खऱ्या जमिनीवर कोणी मरू नये म्हणून ही खोटी.

खाली आल्यावर फळा. एका मिनिटाच्या झुंजीला एक तास लागतो. लाल खडूने शत्रूची रेघ, निळ्या खडूने आपली. आमच्या तुकडीचा एक रिवाज आहे: आधी शत्रूने बोलायचं, आणि आधी स्वतःची चूक सांगायची. मग कर्नल समोर बसलेला असो की कालचा पोरगा. म्हणजे मग पोरगाही आपली चूक लपवत नाही.

गेल्या वर्षी मी दोनशे सोळा वेळा मेलो. लिहून ठेवतो म्हणून माहीत आहे. दमायला होतं, इंदाय. मानेत सकाळी खिळा ठोकल्यासारखं दुखतं. पण त्याहून वेगळं एक दमणं असतं, ते सांगता येत नाही. रोज कोणीतरी तुम्हाला मारून आनंदाने हसतो, आणि तुम्ही त्याला शाबासकी द्यायची असते.

एक मजा सांगतो. नव्या पोरांत एक आपल्या भागातला आलाय, मियागावचा. लेफ्टनंट विर्जिलिओ तोरेफिएल, सगळे जिली म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सलाम ठोकून, 'सर' सोडून, आपल्या भाषेत थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणतो, "नोंग, तुमच्याकडे सुके मासे असतील ना?" मी म्हटलं, "मी इथे शत्रू आहे. शत्रूकडे मासे मागतात का?" म्हणाला, "शत्रूकडून लुटतात, नोंग." त्याने मला अजून एकदाही मारलेलं नाही. रोज मरतो आणि रोज येऊन विचारतो, "आज कुठे चुकलो?" याची आई हातमागावर कापड विणते, आणि हा आभाळात गाठी मारतो.

तातायच्या पायाला तेल लावत जा.

नोंग सेतो


सान होआकीन
२७ फेब्रुवारी १९८३

प्रिय नोंग,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. (मानेचं सोडून.) लोर्देस म्हणाली, "मग मी पण व्हिलन होणार."

आणि मी तुमचा रिवाज वर्गात लागू केलाय! दर शुक्रवारी शेवटच्या तासाला फळ्यासमोर उभं राहून प्रत्येकाने आपली चूक आधी सांगायची, मीसुद्धा. मी सांगितलं की मंगळवारी मी चिडून फडकं आपटलं. मुलं खूश झाली.

पण एक गंमत झाली. लोर्देस उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी सोमवारी उशिरा आले." मी तिचं कौतुक केलं. नंतर शिपायाने सांगितलं की प्रयोगशाळेतला थर्मामीटर तिनेच फोडलाय. मोठी चूक झाकायला तिने छोटी पुढे केली होती! मला राग आला, मग हसू आलं. तुमच्याकडे असं कोणी करतं का?

सोबत सुक्या माशांची दोन पुडकी आहेत. एक तुझं, एक जिलीचं. त्याला सांग, लुटायची गरज नाही.

दमतोस ते वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं, तू करतोस ते सगळ्यांत कठीण काम आहे. जिंकायला कोणीही शिकेल. दुसऱ्याने शिकावं म्हणून हरणारी माणसं किती असतात?

देल्फिना


तळावरून
२० मार्च १९८३

इंदाय,

मासे पोचले. दोन्ही पुडकी माझ्याकडेच आहेत.

जिली ११ तारखेला गेला. सरावात खोट्या जमिनीखाली गेला आणि डोंगरावर आदळला. शवपेटी मियागावला पाठवली आहे. चौकशी चालू आहे, पण ती लवकर संपेल.

वर्गात यातलं काही सांगू नकोस.

सेतो


सान होआकीन
२१ एप्रिल १९८३

प्रिय नोंग,

पहिले दोन आठवडे तुला काय लिहावं तेच कळेना. मग सुट्टी लागली आणि मी एक काम केलं. तुला न विचारता केलं, पण तू नाही म्हणाला नसतास असं वाटतं.

मी मियागावला गेले. परवा त्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती. जीपनी गाडी चर्चपाशी सोडते, तिथून कोणीही घर दाखवतं. घरात माग आहे आणि त्यावर अर्धं विणलेलं निळं कापड तसंच ताणलेलं. जिलीची आई, नानाय कोन्सुएलो, तुझ्यासारख्याच कमी बोलतात. मी सांगितलं, माझा भाऊ त्याच्याबरोबर होता. त्यांनी माझा हात धरला आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडला नाही.

नंतर भात आणि माशाचा रस्सा वाढताना त्यांनी मला एक कागद दाखवला. सरकारी. त्यात लिहिलंय, 'वैमानिकाच्या निर्णयातील चूक'. बायका अंगणात कुजबुजत होत्या. "खालून उडू नको सांगितलं होतं म्हणे, पोराने ऐकलं नाही." नानाय कोन्सुएलोंनी ते ऐकलं. मग मला विचारलं, "शिक्षिका आहेस ना तू? मला साधं सांग. माझा मुलगा त्या दिवशी हरत होता का? हरायला लागला म्हणून घाबरून खाली गेला का?"

मी म्हटलं, माझ्या भावाला विचारून सांगते. तो खरं तेच सांगेल.

सांग ना, नोंग. त्या दिवशी आभाळात त्याचा शत्रू कोण होता? तुला ते माहीत असेल. तुझी काही मदत झाली तर त्या बाईला निदान मागावर बसता येईल.

देल्फिना


तळावरून
१५ मे १९८३

देल्फिना,

तुला तिथे जायला कोणी सांगितलं होतं?

पदवी मिळाली म्हणजे प्रत्येक घरात जाऊन धडा घ्यायचा नसतो. तू त्या बाईला माझ्या वतीने शब्द दिलास. माझं नाव घेऊन. मला विचारायचंस.

चौकशी संपली आहे. मंडळात अनुभवी लोक होते. कॅमेऱ्याची फिल्म जळली होती. रेडिओच्या नोंदीत त्या वेळी दुसरी जोडी बोलत होती, त्यामुळे काही ऐकू येत नाही. जे होतं त्यावरून त्यांनी निर्णय दिला. मीही फळ्यावर झुंज काढून दाखवली, रिवाजाप्रमाणे आधी माझी चूक सांगितली: सूर्य पाठीशी ठेवायला हवा होता, मी ठेवला नाही.

त्या दिवशी त्याचा शत्रू मी होतो. नानायना सांग की तो चांगला उडत होता. एवढं पुरे.

सेतो


सान होआकीन
२८ मे १९८३

नोंग,

पत्र मिळालं. तातायला वाचून दाखवलं नाही. तो विचारत होता, मी म्हटलं, "बरा आहे, तुम्ही बरे असाल."

न विचारता गेले ही माझी चूक. ती आधी सांगते.

तुझा शत्रू मी नाही, म्हणून मला फळ्यासमोर बोलायचा हक्क नसेल. पण तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीवर थांबले. सूर्य पाठीशी ठेवला नाही. नोंग, एक मुलगा डोंगरावर आदळला, आणि तुझी चूक काय, तर ऊन डोळ्यांवर आलं?

मला लोर्देस आठवली. 'मॅडम, मी सोमवारी उशिरा आले.'

मी चुकत असेन तर सांग, मी माफी मागीन. मला चुकायचंच आहे. पण पुन्हा 'एवढं पुरे' असं लिहू नकोस.

जूनपासून माझी बदली वरच्या बेटावरच्या शाळेत झाली आहे. पंधरा दिवसांनी एकदा नाव जाते, पत्रं तिच्याबरोबरच. पत्ता खाली दिला आहे.

देल्फिना


तळावरून
२६ जून १९८३

इंदाय,

तू चुकत नाहीस.

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितोय. या वेळी न थांबता लिहितो, मग तू त्याचं काय करायचं ते कर.

त्या आठवड्यात परदेशी पाहुणे आले होते. त्यांची विमानं आमच्या दुप्पट. ११ तारखेला सकाळी पहिल्या फेरीत मी तीनदा मेलो. तिन्ही वेळा पंख हलवले. खाली आल्यावर जेवणाच्या खोलीत त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही फार छान मरता. सवय आहे वाटतं?" सगळे हसले. आमचेही हसले, मीही हसलो. मग कमांडरने बाजूला घेऊन सांगितलं की वर्षअखेरीस मला विमानावरून काढून कार्यालयात बसवणार आहेत. वय झालं, मान गेली. वाईट बोलला नाही, खांद्यावर हात ठेवून बोलला.

दुपारी जिलीबरोबर फेरी होती. चढताना त्याने रेडिओवर हळूच विचारलं, "नोंग, आज जेवणात मासे होते का?" असं बोलायची परवानगी नसते. मी उत्तर दिलं नाही.

झुंज त्रेपन्न सेकंद चालली. मी घड्याळ लावतो, नेहमीच लावतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात मी त्याला दोनदा चकवलं. तिसऱ्यांदा तो चकला नाही. महिनाभर फळ्यावर मी त्याला जे सांगत होतो ते त्याने तिथे करून दाखवलं. माझ्या वळणाच्या आत आला, वेग राखला, घाई केली नाही. बेचाळिसाव्या सेकंदाला त्याचा आवाज आला, "मारलं! नोंग, मारलं!" रेडिओवरचं माझं ठरलेलं नाव घ्यायचं विसरला, इतका आनंद झाला होता त्याला.

मी ते ऐकलं. इंदाय, मी ते स्पष्ट ऐकलं. मंडळाला मी सांगितलं की काही ऐकू आलं नाही.

मला फक्त दोनदा पंख हलवायचे होते. गेल्या वर्षी दोनशे सोळा वेळा हलवले होते. त्या दिवशी चौथी वेळ होती आणि माझा हात हलला नाही. मनात आलं, याच्याकडून नाही. आज नाही. मी विमान उलटं केलं आणि खाली सूर मारला.

त्याला काय वाटलं असेल, सांग. शत्रूने पंख हलवले नाहीत म्हणजे नेम लागला नाही, आपण चुकलो. मीच शिकवलं होतं की खात्री झाल्याशिवाय सोडायचं नाही. तो माझ्यामागे आला. खोटी जमीन मी आधी ओलांडली, मग त्याने. अगदी शेवटी नाक वर खेचायचं, ही शत्रूची जुनी युक्ती आहे. पुढचा वाचतो, मागचा उशिरा खेचतो. ती मला येते. त्याला मी ती अजून शिकवली नव्हती.

अकरा सेकंद. मी मेलेला होतो आणि उडत होतो.

फळ्यावर मी निळी रेघ लाल रेघेमागे सरळ खाली ओढली. बेचाळिसावा सेकंद पुसून टाकला. आणि हो, सूर्याचं बोललो. कोणी शंका घेतली नाही. अशा दिवशी आधी स्वतःची चूक सांगणाऱ्या माणसाकडे कोण संशयाने बघेल?

जिलीचं माशांचं पुडकं माझ्या कपाटात आहे. वास येतो. खोलीतला सोबती म्हणतो, "फेकून दे ना बाबा." मी फेकत नाही.

सेतो


बेटावरून
१७ जुलै १९८३

नोंग,

नाव परत निघायला दोन तास आहेत, तेवढ्यात लिहिते आहे.

तुझं पत्र मी किनाऱ्यावर दगडावर बसून वाचलं. मग उठून शाळेत गेले आणि अपूर्णांक शिकवले. मुलांनी विचारलं, "मॅडम, रडताय का?" मी म्हटलं, वाळू गेली. ही माझी या आठवड्यातली चूक.

मी तुला माफ करू शकत नाही. माझा तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. राग आहेच, पण माफ करणं माझ्या हातात नाही. तू मला सांगितलंस, आणि मी काही केलं नाही, तर ते अकरा सेकंद आता माझ्याकडेही आहेत. मला ते ठेवता येणार नाहीत. मी तुझ्यासारखी कपाटात पुडकं ठेवणारी नाही.

मला माहीत आहे तुझं काय जाईल. विमान तर जाणारच होतं, पण आता गणवेश जाईल, नाव जाईल. तातायच्या भिंतीवरच्या फोटोकडे लोक कसे बघतील तेही माहीत आहे. पण तिकडे मियागावात एक बाई आहे. तिला वाटतं की तिचा मुलगा घाबरून मेला. तो जिंकून मेला, हे जगात फक्त दोघांना माहीत आहे, नोंग. त्यातली एक मी आहे, आणि मला ते नको होतं.

मी त्यांना काही सांगणार नाही. ते तू आधी मंडळासमोर सांगायचंस. रिवाज तुझाच आहे.

नाविक हाक मारतोय.

देल्फिना


तळावरून
४ सप्टेंबर १९८३

इंदाय,

सांगितलं.

आधी कमांडरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "सेतो, फिल्म नाही, आवाज नाही, कोणी विचारत नाही. मेलेल्या पोराला काय फरक पडतो? घरी जा, झोप काढ." तो वाईट माणूस नाही. मला वाचवत होता. मी म्हटलं, "सर, मला फळा पाहिजे."

मंडळ पुन्हा बसायला तीन आठवडे लागले. पाच माणसं होती, एक लेखनिक. मी लाल खडू घेतला आणि आधी माझी चूक सांगितली. बेचाळिसाव्या सेकंदावर फुली मारली आणि तिच्यापुढे लाल रेघ ओढलीच नाही. अध्यक्ष म्हणाले, "कॅप्टन, पुढची रेघ?" मी म्हटलं, "पुढे मी नव्हतो, सर. मी मेलो होतो. पुढे एक माणूस नियम मोडत होता." मग ती पांढऱ्या खडूने काढली.

छातीवरचे वैमानिकाचे पंख काढून घेतले आहेत. बाकीचं ठरायचंय. तोवर गोदामात टायर मोजतो. तुकडीतले काही जण बोलत नाहीत. एकाने जाता जाता म्हटलं, "सगळ्यांनाच तोंडावर पाडलंस." एका नव्या पोराने मात्र माझ्या टेबलावर भाताचं ताट आणून ठेवलं.

कागद बदलला आहे. सोबत त्याची प्रत जोडतो. 'वैमानिकाच्या निर्णयातील चूक' हे आता माझ्या नावापुढे आहे.

तू ती प्रत घेऊन जाशील का? मी स्वतः जायला हवं हे कळतं. पण त्यांनी दार उघडावं असं मी गृहीत धरू शकत नाही. त्यांना विचार. नको म्हणाल्या तर ते मला सांग. सौम्य करून सांगू नकोस.

सेतो


सान होआकीन
५ नोव्हेंबर १९८३

प्रिय नोंग,

मृतांच्या दिवसासाठी सुट्टी मिळाली, म्हणून आले. सगळं मियागाव दफनभूमीत होतं. मेणबत्त्या, चिकट भाताचे गोळे, पत्ते खेळणारे म्हातारे, पळणारी पोरं. नानाय कोन्सुएलो जिलीच्या थडग्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. काळा पोशाख. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते." म्हणाल्या, "इथेच सांग. त्यालाही ऐकू दे."

मी प्रत वाचली. मग तुझं जूनचं पत्र वाचलं, सगळं, जेवणाच्या खोलीतलं हसणंसुद्धा. तुला राग आला तर येऊ दे.

मेणबत्ती विझली ती त्यांनी दुसरीवर पेटवली. मग त्यांनी विचारलं, "नोंग म्हणाला? माझा पोरगा शेवटी नोंग म्हणाला?" मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. मी गेले नाही. मी मोठी झाले आहे, नोंग. कुठे जायचं नसतं ते कळायला लागलंय.

परत आल्या तेव्हा मला भाताचा गोळा दिला. "खा." आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाला सांग, अजून नको. आत्ता आला तर मी काय करीन मला माहीत नाही. वर्ष पुरं होऊ दे. काळे कपडे उतरवायच्या दिवशी येऊ दे त्याला. एकट्याला."

त्यांनी जे म्हटलं तेच लिहिलं आहे. काही सौम्य केलेलं नाही.

तातायला मी सांगितलं. दोन दिवस जाळं दुरुस्त करत बसला होता. तुझा फोटो भिंतीवर आहे. काल त्याने तो उतरवला. पण त्याने काच पुसली आणि परत लावला.

देल्फिना


मियागाव
१२ मार्च १९८४

प्रिय इंदाय,

तुझ्या बेटाची नाव दहा दिवसांनी आहे आणि मला परवा परत हजर व्हायचंय, म्हणून भेट होणार नाही. हे पत्र चर्चसमोरच्या बाकावर बसून लिहितोय.

काल सकाळी गेलो. साधा सदरा, हातात तुझं माशांचं पुडकं. ते खाण्यासारखं राहिलं नव्हतं, पण जिलीचं होतं. दारात पोचलो आणि पाय थांबले. नानाय आतून बाहेर आल्या. काळे कपडे उतरवले होते, निळा झगा घातला होता. माझ्याकडे बघत राहिल्या.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी दाखव, नंतर जेव."

काय दाखवायचं ते मला कळलं. पण फळा नव्हता. त्यांनी टेबल मोकळं केलं आणि मागाशेजारच्या टोपलीतून दोन रिळं आणली, लाल आणि निळं. "सावकाश," म्हणाल्या. "मला विमानातलं कळत नाही. गाठी कळतात."

मी झुंज धाग्यांनी मांडली. लाल कुठून आला, निळा कुठून. पहिलं वळण, दुसरं, तो दोनदा कुठे चकला. त्या मान खाली घालून बघत होत्या, जसं कोणाचं विणकाम तपासतात तसं. एकदा म्हणाल्या, "इथे घाई करायचा. लहानपणापासून." मी म्हटलं, "तिसऱ्यांदा केली नाही." आणि तिसरं वळण मांडलं. निळा आत आला, लालच्या अगदी जवळ. मी बोट ठेवलं. "इथे तो म्हणाला, मारलं."

"इथे?"

"इथे."

आणि मग मी लाल धागा पुढे ओढायला लागलो, टेबलाच्या कडेकडे, खाली. पुढचंही सांगायला हवं होतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने कात्री घेतली आणि बोट होतं तिथेच लाल धागा कापला.

"इथे तू मेलास," म्हणाल्या.

निळा त्यांनी कापला नाही. त्याचं राहिलेलं टोक उचललं आणि हळूहळू परत रिळावर गुंडाळलं. मी उभाच होतो. रीळ टोपलीत ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. आतूनच म्हणाल्या, "हात धू. भात गार होतोय."

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.

नोंग सेतो